मेमधले केसेस, डिसेंबरमधले कंट्रोल: क्लिनिकल केमिस्ट्रीच्या पीएचडीत या चुका टाळा

नागपुरात क्लिनिकल केमिस्ट्रीचा (म्हणजे रक्तातले ग्लुकोज, पोटॅशियमसारखे घटक मोजण्याच्या शास्त्राचा) प्रबंध बिघडतो तो बहुधा वॉर्ड ते लॅब या वाटेवर; अॅनालायझर बिचारा उगाच बदनाम होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना ट्यूब ट्रेमध्ये दोन तास पडून राहिली, तर त्यातल्या पेशी ग्लुकोज खातच राहतात. साध्या खोलीतही ताशी ५ ते ७ टक्के घट होते, उकाड्यात त्याहून जास्त. पेशींचं हे ग्लुकोज खाणं रोखणारी, करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिचा पूर्ण परिणाम दिसायला तास-दोन तास जातात, तोवर ट्यूब बर्फात हवी.

पोटॅशियमची तऱ्हा आणखी वेगळी. उष्णतेत पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालतो, पोटॅशियम आत ओढलं जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. ग्लुकोज संपलं की पंप थकतो, मग तेच पोटॅशियम बाहेर गळतं. थंडीतही पंप मंदावतो. म्हणून सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वेगळं न करता ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली की आकडा चढतो. आता केसेस (आजारी गट) मेमध्ये आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा निरोगी गट) डिसेंबरमध्ये गोळा केले असतील, तर तुमची पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने आला का, हे सांगणारा आकडा) आजाराविषयी बोलतेय की हवामानाविषयी?

त्यामुळे दोन्ही गट शेजारी-शेजारी, एकाच आठवड्यात घ्या. रक्त काढल्याची आणि सेंट्रिफ्यूज केल्याची अशा दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये लिहा. अर्धा तास गोठू द्या, मग फिरवा. प्रबंधात आरपीएमऐवजी (मिनिटाला फेरे) जी-फोर्स (नमुन्यावर प्रत्यक्ष पडणारा जोर) लिहा, कारण रोटर बदलला की आरपीएमला अर्थ उरत नाही. सिरम अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या वायल्समध्ये वाटून उणे ८० अंशांना ठेवा आणि प्रत्येक वायल एकदाच वितळवा.

पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज कमी, असं त्रिकूट एकत्र दिसलं तर नवा शोध लागला असं समजू नका. सिरमच्या लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं ओतलंय. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन असतं. ईडीटीएसोबतचं पोटॅशियम आकड्यात मिसळतं, आणि ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं.

मोजणीच्या दोन पद्धतींची तुलना करताना 'आर (दोन आकडे किती सोबत चढतात-उतरतात याचं माप) ०.९९ आला' म्हणून थांबणं ही जुनी खोड. एक पद्धत कायम २० टक्के जास्त दाखवत असली तरी आर ०.९९ येऊ शकतो. दोन पद्धतींमधला फरक दाखवणारा ब्लँड-आल्टमन आलेख काढा (मांडणी १९८६ची आहे, परीक्षक विचारतातच). किमान ४० सॅम्पल्स घ्या, आणि ती कमी ते जास्त अशा सगळ्या पट्ट्यात पसरलेली हवीत. चाळीसच्या चाळीस निरोगी विद्यार्थी घेऊन चालत नाही.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधीचं एकही सॅम्पल प्रबंधात घालू नका, मागाहून मंजुरी मिळत नसते. लेखकांचा क्रम गाईडसोबत पहिल्या सॅम्पलआधीच कागदावर ठरवा.

रीएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) लॉट मध्येच बदलला, तर साठवलेली २० सॅम्पल्स दोन्ही लॉटवर चालवा आणि तो कागद व्हायव्हापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) फाईलमध्ये जपून ठेवा.