युद्धात संग्रहालय वाचवताना या चुका टाळा

युद्धाची चाहूल लागली की संग्रहालयातल्या माणसांना पहिली धास्ती असते ती बॉम्बची. ती रास्तच आहे. पण मूर्ती, पोथ्या, नाणी यांचा घास लुटारू आणि ओलही घेतात, आणि तयारी नेमकी तिथेच कमी पडते.

सगळं तळघरात ठेवून निर्धास्त होणं

लेबनॉनच्या यादवीत (१९७५-९०) बैरूतचं राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही बाजूंच्या मधल्या सीमारेषेवरच सापडलं. संग्रहालयाचे प्रमुख मॉरिस शेहाब यांनी जड दगडी शवपेट्या काँक्रीटमध्ये बंद करून टाकल्या, लहान वस्तू तळघरात नेल्या आणि वाटा भिंती घालून बुजवल्या. त्यामुळे खूप काही वाचलं, शेहाब यांचं ऋण मोठंच आहे. तळघरात मात्र पाणी शिरलं. भिंत फोडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, त्यामुळे वस्तू वर्षानुवर्षं ओलीत राहिल्या. तळघराला पर्याय नसेल तर पेट्या जमिनीपासून उंच ठेवा आणि पाहणीसाठी एक गुप्त वाट राखा.

जागा बदलली की हवाही बदलते. २०१२-१३ मध्ये आफ्रिकेतल्या माली देशातल्या टिंबक्टू शहराची हस्तलिखितं लोखंडी पेट्यांत भरून, अतिरेक्यांची नजर चुकवून राजधानी बामाकोला नेली गेली. वाळवंटाच्या कोरड्या हवेत टिकलेल्या त्या कागदांना तिथल्या दमटपणाने नवा धोका निर्माण केला.

यादी त्याच इमारतीत ठेवणं

बैरूतमध्येच आगीत नकाशे, छायाचित्रं आणि नोंदी जळाल्या. फोटो आणि मोजमापं नसतील तर परदेशी लिलावात आलेली मूर्ती आपलीच आहे हे सिद्ध करणं फार अवघड जातं. एक प्रत दुसऱ्या शहरात हवीच.

नुसत्या खुणेवर विसंबणं

युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या १९५४ च्या हेग करारातलं निळं-पांढरं ढालीचं चिन्ह जरूर लावा. पण ६ डिसेंबर १९९१ रोजी क्रोएशियातल्या डुब्रोव्निकच्या जुन्या शहरावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा तिथेही युनेस्कोच्या खुणा होत्या. आपल्याच सैनिकांना आवारात मोर्चेबांधणी करू देणं तर सर्वांत घातक. २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयाच्या आवारातून गोळीबार झाला. त्यानंतरच्या लुटीत सुमारे १५,००० वस्तू गेल्या.

भिजलेले कागद उन्हात टाकणं

कागद आक्रसतो, शाई पसरते. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून उशीर करू नका; पण घाईत चिकटलेली पानं ओढून सुटीही करू नका. थोडी असतील तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. गठ्ठेच असतील आणि वीज असेल तर ते गोठवून ठेवा आणि जाणकार येईपर्यंत तसेच राहू द्या.