इराणी टाइलचा निळा रंग तपासायचा असेल तर

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात माझं काम सोन्याचा टंच (शुद्धता) काढायचं. एक्सआरएफ मशीनवर, म्हणजे क्ष-किरण पाडून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या मशीनवर, दागिना ठेवला की सोनं, चांदी, तांबं टक्क्यांत समोर. हे ऐकून जुन्या वस्तूंचे शौकीनही टाइलचे तुकडे घेऊन येतात. "भाऊ, हा इराणच्या काशान गावचा आहे का, सांगा न." राजेहो, मशीन गावाचं नाव सांगत नाही. मूलद्रव्यं सांगतं, तीही नीट विचारली तर.

म्हणून आधी मशीन बंदच ठेवा. लूप (सराफाचं भिंग) डोळ्याला लावून फुटलेली कड पाहा. काशानच्या टाइलमध्ये चिकणमाती नावालाच असते. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम काशानीने 1301 मध्ये कृती लिहून ठेवली आहे: 10 भाग गारगोटीची पूड, 1 भाग काचेची भुकटी, 1 भाग पांढरी माती. त्यामुळे कड फोडलेल्या खडीसाखरेसारखी पांढरट, कणीदार दिसते. विटकरी लाल दिसली तर काशानचा दावा तिथेच डळमळतो.

मग नोटा तपासायचा यूव्ही दिवा घ्या आणि शटर ओढून अंधार करा. झिलई (टाइलवरचा काचेसारखा थर) सहसा काळोखी राहते. नंतर भरलेलं रेझिन, गोंद, वरून मारलेला रंग चमकून उठतो. त्या जागा फोटोवर खुणा करून सोडून द्या. टाइलवर पेन चालवू नका.

आता मशीन. सोन्याचा मोड आधी बंद करा. तो सगळी बेरीज धातूंतच 100 करतो; झिलईतला ऑक्सिजन, सिलिकॉन त्याच्या हिशेबातच नाही. टक्के विसरा, स्पेक्ट्रम सेव्ह करा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठराविक रेषा शिखरांसारख्या दिसतात. कथलासाठी व्होल्टेज 40-50 किलोव्होल्ट हवं, कारण त्याची मुख्य रेषा 25 केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं माप) वर आहे. सोडियम मात्र इथे मिळणार नाही, त्याचे किरण हवेतच विरतात. आणि मे महिन्यातल्या दुपारी एसी बंद असेल तर रीडिंग घेऊच नका. नागपूरच्या उन्हात डिटेक्टर नीट थंड राहत नाही आणि शिखरं सरकतात.

खरी गंमत निळ्यात आहे. गडद निळा देणाऱ्या कोबाल्टची मुख्य रेषा 6.93 केईव्हीला आणि लोखंडाची दुय्यम रेषा 7.06 ला, म्हणजे जवळजवळ एकमेकींवर. लोखंड तर थोडंफार सगळीकडेच असतं, मग सॉफ्टवेअर तपकिरी रेघेतसुद्धा कोबाल्ट दाखवतं. उपाय सोपा आहे. त्याच टाइलच्या पांढऱ्या जागेचंही रीडिंग घ्या. लोखंडाचं दुय्यम शिखर मुख्य शिखराच्या (6.40) साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं असतं. निळ्या जागी 7 जवळचा उंचवटा त्याहून ठळक मोठा असेल, तरच कोबाल्ट म्हणा.

दुसरी अडचण आर्सेनिकची. काशानजवळच्या कमसरच्या कोबाल्ट खनिजात आर्सेनिक असतं, म्हणून ते सापडावं अशी सगळ्यांची इच्छा. पण आर्सेनिक 10.54 ला आणि शिसं 10.55 ला! शिशाच्या झिलईत ते वेगळं दिसणारच नाही. तेव्हा 11.7 जवळची आर्सेनिकची दुसरी रेषा शोधा. ती नसली तरी कमसर बाद होत नाही, भाजताना आर्सेनिक बरंचसं उडून जातं.

बाकी रंग पटकन सांगतो. फिरोजी म्हणजे तांबं. झिलई क्षारयुक्त असेल तर फिरोजी, शिसं जास्त असेल तर हिरवट. म्हणून फक्त तांबं पाहून थांबू नका, शिसंही मोजा. जांभळा बहुधा मँगनीजचा, आपल्या मनसरच्या खाणींत निघतं तेच मूलद्रव्य. पिवळ्यात शिशासोबत कथील की अँटिमनी, हे पाहायचं. पण पांढरेपणासाठीही झिलईत कथीलच घालत, म्हणून पिवळ्याचा निकाल रामन स्पेक्ट्रमशिवाय (लेझरने संयुग ओळखायची वेगळी तपासणी) देऊ नये. इस्फहानच्या शाह मशिदीत (काम 1611 मध्ये सुरू झालं) हफ्तरंगी (सातरंगी, एकाच टाइलवर अनेक रंग भरलेल्या) टाइल आहेत. तशा टाइलवर रंगांच्या मधल्या काळ्या रेघा मशीनच्या ठिपक्याहून बारीक असू शकतात. मग शेजारचा रंगही मोजला जातो. सोनेरी चमकेचं, म्हणजे लस्टरचं, तसंच. ती पृष्ठभागालगतच्या चांदी-तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते, आणि आमचं मशीन खालची झिलईही त्यात मिसळून दाखवतं.

थर वेगळे पाहायचेच असतील तर आधीच फुटलेल्या कडेवरचा कण, मालकाच्या लेखी परवानगीने. इपॉक्सीत बसवून, पॉलिश करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली द्या. कथलाच्या ऑक्साइडचे कण तिथे पांढरे शुभ्र दिसतात आणि सोडियमही मोजता येतं. चांगल्या बाजूवर खरवडायला कोणी सांगितलं तर तुकडा परत करा.

रिपोर्टवर मोजलेल्या जागांचे फोटो, व्होल्टेज, वेळ आणि सापडलेली मूलद्रव्यं लिहा. 'अस्सल' असा शिक्का मारून द्या म्हणणारे येतातच. त्यांना चहा पाजा, शिक्का देऊ नका.