काळ्या जमिनीसाठी ट्रॅक्टरचे मागचे टायर कसे निवडावेत

मागचे टायर बदलायची वेळ आली की आपल्याकडे बहुतेक जण आधी भाव विचारतात, मग कंपनी विचारतात आणि शेवटी जुन्या टायरवरचा आकडा दाखवून तसाच जोड घेऊन येतात. त्याआधी घरी बसून एक हिशेब करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: वर्षभरात आपला ट्रॅक्टर किती तास वावरात चालतो आणि किती तास ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर धावतो? मी स्वतः एकदा हा हिशेब न करता उंच दांड्यांचे, म्हणजे टायरवरच्या तिरप्या रबरी पट्ट्या उंच असलेले टायर बसवले. पावसाळ्यात त्यांनी उत्तम काम दिले. परंतु दिवाळीनंतर कापसाची आणि मुरुमाची वाहतूक सुरू झाली आणि दोन हंगामांत ते दांडे निम्म्यावर आले. उंच रबरी दांडा कठीण रस्त्यावर सतत वाकतो, घासतो आणि तापतो. तो मऊ मातीत रुतण्यासाठीच बनवलेला असतो.

यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा, बुलडाणा या पट्ट्यातली आपली भारी काळी जमीन बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे आणि तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वाफसा येण्याआधी अशा जमिनीत ट्रॅक्टर घातला की माती दांड्यांमधल्या खाचांत घट्ट बसते आणि नवा कोरा टायरसुद्धा गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. म्हणून टायर पाहताना दांड्याच्या उंचीइतकेच दोन दांड्यांमधल्या अंतराकडे लक्ष द्यावे. खाच बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली असेल, तर चाक फिरताना माती आपोआप बाहेर फेकली जाते. सर्वसाधारण शेतकामाच्या टायरला आर-१ हा वर्ग असतो आणि कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा घेणाऱ्याला तो पुरेसा आहे. आर-२ वर्गाचे दांडे बरेच अधिक उंच असतात. ते भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानाच्या चिखलणीसाठी योग्य ठरतात. तिथेही ट्रॅक्टर वर्षातले थोडेच दिवस बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात उतरत असेल, तर साध्या टायरला लोखंडी पिंजरा चाके जोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरळ रेषेत कमी अंतराची शर्यत धावणाऱ्या ड्रॅग गाड्यांना मागे अगदी गुळगुळीत, मऊ रबराचे आणि कमी हवेचे टायर लावतात, कारण तिथली पट्टी मुद्दाम स्वच्छ व चिकट केलेली असते आणि जितके जास्त रबर तिला टेकेल तितकी पकड वाढते. वावरात पकड येते ती दोन दांड्यांमध्ये सापडलेल्या मातीच्या स्वतःच्या ताकदीतून. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर ओढ चांगली लागते म्हणून घासलेला टायर आणखी एक खरीप काढेल, असे समजू नये.

आता आकड्यांविषयी. १३.६-२८ याचा अर्थ टायरची रुंदी सुमारे १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. मधली आडवी रेघ साध्या, म्हणजे आतले धागे तिरपे एकमेकांवर गेलेल्या बायस बांधणीची खूण आहे. तिच्या जागी आर हे अक्षर असेल तर टायर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेला समजावा. आपल्याकडे ३५ ते ४० अश्वशक्तीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना १३.६-२८ आणि त्यापुढे १४.९-२८ किंवा १६.९-२८ हे माप येते. एक माप मोठे घ्यावे, असा मोह अनेकांना होतो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि जमिनीच्या वरच्या थरावरचा दाब साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणून नांगरटीसाठी हा मोह अगदीच चुकीचा नाही. मात्र रिमची रुंदी त्या टायरला चालते का, मडगार्डला टायर घासणार नाही ना, हे मोजून पाहावे. चारही चाकांना गती असणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या चाकांच्या घेराचे प्रमाण ठरलेले असते; नुसते मागचे माप वाढवले तर ते प्रमाण बिघडून गिअर आणि टायर दोन्ही झिजतात.

ज्यांना उभ्या पिकात डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी करायची आहे, त्यांनी तर रुंदीचा विचार उलट दिशेने करावा. १३.६ इंच म्हणजे जवळजवळ ३५ सेंटीमीटर. सोयाबीनच्या ४५ सेंटीमीटर ओळीत असे चाक गेल्यास दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटरच उरतात आणि एवढ्यात झाडे तुडवली जाणारच. त्या कामाला ८.३-२० सारखे अरुंद टायर असलेला लहान ट्रॅक्टरच योग्य.

रेडियल टायर जमिनीला अधिक लांब टेकतो आणि कमी घसरतो, परंतु त्याची बाजू लवचीक व तुलनेने पातळ असते. पऱ्हाटी (कापूस) आणि तुरीची धसकटे, बांधावरचे बाभळीचे काटे यांचा विचार करता, छोट्या शेतकऱ्याने जाड बाजूचा साधा टायर घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. पीआर (प्लाय रेटिंग) हा आकडा ताकदीचा दर्जा सांगतो, आतल्या थरांची नेमकी संख्या नव्हे. ट्रॉली ओढणाऱ्याने मूळ टायरपेक्षा कमी पीआर कधीही घेऊ नये. बाजूवर चार अंकी आकडा असल्यास तो बनल्याचा आठवडा व वर्ष दाखवतो: ३४२३ म्हणजे २०२३ सालचा ३४वा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात पडून राहिलेला, बारीक चिरा गेलेला टायर स्वस्त मिळाला तरी नाकारावा. दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच वेळी घ्यावेत, नवी ट्यूब टाकावी आणि बाजूवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेनेच बसला आहे ना, हे चाक चढवण्यापूर्वी पाहावे.

टायर बसवल्यावर निवड बरोबर झाली की नाही, हे वावरातच तपासता येते. टायरवर चुन्याची खूण करावी, औजार वर उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत चालावे आणि अंतर मोजावे. मग त्याच जमिनीत औजार नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा १० फेरे मोजावेत. पहिल्या वेळी ४० मीटर आणि दुसऱ्या वेळी ३५ मीटर भरले, तर घसरण साडेबारा टक्के झाली, आणि नांगरटीला ती योग्य आहे. १५ टक्क्यांच्या पुढे गेली तर आधी हवा पुस्तिकेत दिलेल्या शेतकामाच्या दाबापर्यंत उतरवावी आणि तरीही फरक न पडल्यास चाकांना लोखंडी वजने लावावीत किंवा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून ट्यूबमध्ये पाणी भरावे. पाणी पाऊण भागापेक्षा जास्त नको. घसरण ८ टक्क्यांच्या आत असेल, तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे आणि पेरणीआधी ते उतरवावे, कारण त्या वजनाने दबलेल्या काळ्या मातीत कापसाचे मूळ सहज खोल जात नाही.