पाडलेल्या हॉलचा इतिहास कसा जमवायचा

आधी गावातल्या वयस्कर मंडळींकडे जा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि 'इतिहास सांगा' असं नका म्हणू, 'तिथं पहिलं नाटक कधी बघितलंत' असं विचारा, मग बघा कसे खुलतात. लग्नाचे अल्बम तर मागाच! नवरानवरीच्या मागेच छप्पर, स्टेज, बॅडमिंटनच्या रेषा सापडतात.

मग पणजीला पाटोवरची सेंट्रल लायब्ररी. तिथं जुने पेपर चाळा. 'गोमन्तक' हा मराठी पेपर १९६२ला सुरू झाला, त्याआधीचे पेपर बरेचसे पोर्तुगीजमध्ये, म्हणून वाचता येणारं कोणीतरी सोबत न्या. गुगल अर्थवर जुने सॅटेलाइट फोटो बघा, हॉल कधी गायब झाला त्याचा अंदाज येतो.

आणि हॉलच्या आधी तिथं काय होतं, नंतर काय आलं, हे शोधाच. बर्लिनचा वेर्नर झेलेनबिंडर हॉल घ्या, मुळात कत्तलखान्याच्या आवारातली इमारत, १९५०मध्ये तिचा स्पोर्ट्स हॉल केला, १९८८ला डेपेश मोड हा ब्रिटिश बँड तिथं वाजवून गेला, नंतर पाडला, आता तिथं सायकल रेसचं वेलोड्रोम आहे. एका जागेची केवढी आयुष्यं! आपल्या हॉलचीही असणारच, पण माणसं आहेत तोवर विचारून घ्या, ह्याच रविवारी जा.