डीव्हीडी प्लेअर टीव्हीवर चालत नसेल तर काय तपासावे

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत लग्नाच्या आणि खंजिरी भजनाच्या डिस्क अजूनही कपाटांत जपून ठेवलेल्या असतात, आणि दिवाळीत लेकी माहेरी आल्या की जुना डीव्हीडी प्लेअर काढून टीव्हीला जोडला जातो. तो चालला नाही, तर लगेच पिशवीत घालून तालुक्याला नेला जातो. अशा कितीतरी प्लेअरमध्ये मुळात बिघाड नसतो. पिन चुकीच्या जागी असते किंवा एखादी सेटिंग बदललेली असते. म्हणून एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी घालवण्याआधी घरीच तपासणी करावी.

सुरुवात विजेपासून करावी. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असला, तरी रब्बीत ओलिताचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बरेच खाली येते. लाल दिवा लागतो पण प्लेअर सुरू होत नाही, असे झाल्यास प्लेअरच्या मागे लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा वाचावी आणि पुरवठा नीट असताना पुन्हा पाहावे.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ आले, तर त्याचा अर्थ टीव्ही बिघडला असा नसून, निवडलेल्या मार्गाने त्याच्याकडे चित्र येत नाही एवढाच असतो. रिमोटवरील ‘सोर्स’, ‘इनपुट’ किंवा ‘एव्ही’ हे बटण दाबून, वायर ज्या ठिकाणी जोडली आहे तेच नाव निवडावे. तीन पिनांच्या वायरीत पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची आणि लाल उजव्या आवाजाची असते. प्लेअरच्या बाजूने ती ‘आउट’ मध्ये आणि टीव्हीच्या बाजूने ‘इन’ मध्येच बसली पाहिजे. अनेक नव्या टीव्हींवर पिवळे छिद्र वेगळे नसते. तेथे पिवळी पिन हिरव्या छिद्रात लावावी आणि सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडावे, कारण ‘कंपोनंट’ निवडले गेल्यास चित्र काळेपांढरे दिसते.

सर्वाधिक फसवणारी सेटिंग म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’, जिला रिमोटवर ‘पी-स्कॅन’ म्हटलेले असते. साध्या पद्धतीत, म्हणजे ‘इंटरलेस्ड’मध्ये, चित्राच्या ओळी एकाआड एक अशा दोन हप्त्यांत पाठवल्या जातात, प्रोग्रेसिव्हमध्ये सगळ्या ओळी क्रमाने एकाच हप्त्यात जातात. पिवळ्या पिनेतून प्रोग्रेसिव्ह चित्र जातच नाही. त्यामुळे लहान मुलांच्या हातून ते बटण दाबले गेले की आवाज येत राहतो आणि पडदा काळा पडतो, आणि पडदाच काळा असल्याने मेनू उघडून दुरुस्त करणेही अशक्य होते. अशा वेळी डिस्क बाहेर काढून तेच बटण, किंवा ‘व्हिडिओ आउट’ असे लिहिलेले बटण, काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा दाबावे. चित्र परतले की थांबावे.

चित्र वर-खाली सरकत असेल किंवा रंग गेले असतील, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ हे शब्द शोधावेत. भारतातील प्रसारणाची जुनी पद्धत पाल, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे; अमेरिका व जपानची जुनी पद्धत एनटीएससी, म्हणजे ५२५ ओळी आणि सुमारे ३० चित्रे. जुन्या टीव्हीसाठी प्लेअर ‘पाल’ वर ठेवावा.

चित्र आहे पण आवाज नाही, आणि जोडणी एचडीएमआयची (चित्र व आवाज एकाच वायरीतून नेणारी) आहे, तर प्लेअरची ऑडिओ सेटिंग ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ वरून ‘पीसीएम’ (टीव्हीला थेट वाजवता येणारा साधा आवाज) वर आणावी.

‘नो डिस्क’ किंवा ‘डिस्क एरर’ आल्यास आधी दुसरी, खात्रीची डिस्क लावून पाहावी. तीही वाचली गेली नाही तर दोष बहुधा प्लेअरमधील डिस्क वाचणाऱ्या लेन्सचा असतो. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरात येणारी बारीक धूळ तिच्यावर बसते. झाकण उघडून प्लेअर चालवू नये, कारण सीडी वाचणारा लेसर डोळ्यांना दिसत नसला तरी इजा करू शकतो. दोष डिस्कचा असेल, तर मऊ सुती कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावे. गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या वर्तुळाकार रेषेवरूनच जातो. सीडीतील माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, म्हणून त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो.

‘राँग रीजन’ हा बिघाड नाही. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; भारताचा विभाग ५ आणि अमेरिकेचा १ असल्याने तिकडून आलेली डिस्क येथे अडू शकते. लग्नाची डिस्क स्टुडिओच्या मशीनवर चालते पण घरी चालत नाही, असे झाल्यास ती ‘फायनलाइज’ केलेली, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून लिहिणे पूर्ण करून बंद केलेली, नसावी. ज्या मशीनवर ती लिहिली गेली, तिथेच ते काम करून घ्यावे.

एवढे करूनही दुरुस्तीला जावे लागले, तर कोणती डिस्क, कोणती वायर आणि पडद्यावरील नेमके शब्द कागदावर लिहून न्यावेत. लग्नाची डिस्क सोबत नेण्याआधी तिची प्रत पेन ड्राइव्हवर करून घ्यावी, कारण घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने खराब होते, आणि आपल्याकडचा मे महिना पत्र्याच्या घरात तिला सोसवणारा नाही.