मिरगाआधी जुन्या गाडीचा पुरुमेंत

गोव्यात मे महिना लागला की घरोघरी पावसाळ्याचा पुरुमेंत, म्हणजे साठवणीची बेगमी, भरू लागतो आणि सुकी मासळी, सोले, मिरची, चिंच डब्यांत जाऊन बसतात. घरी जुनी गाडी असेल आणि तिची देखभाल आपल्या हातांनी करायची असेल, तर तिचा पुरुमेंतही याच दिवसांत भरावा लागतो. सुरुवात वहीपासून करावी. वहीत इंजिनासाठी एक आणि पत्र्यासाठी एक असे दोन रकाने पाडावेत व प्रत्येक खर्चापुढे तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. माझ्या 2007 च्या मारुती 800 च्या वहीत गेल्या वर्षी इंजिन ऑइल, फिल्टर, तीन प्लग आणि ब्रेक ऑइल मिळून 2,400 रुपये लिहिले गेले. त्याच वर्षी डाव्या दाराखालचा उंबरा कापून नवा पत्रा जोडण्याचे आणि रंगाचे 11,000 रुपये गेले. त्या उंबऱ्यावर रंगाचा पहिला फोड दिसला तेव्हा तो घासून रंगवण्याचे काम मी पुढच्या सुट्टीवर ढकलले होते, आणि तशा पुढच्या सुट्ट्या दोन वर्षे येत राहिल्या. आपल्याकडे जुनी गाडी इंजिनापेक्षा पत्र्यातून आधी जाते, म्हणून तयारीचा मोठा वाटा पत्र्याला द्यावा.

त्यासाठी मेच्या पहिल्या आठवड्यातच गाडीचे पोट गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवून घ्यावे. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडांवर लाल माती थापून बसते, ती ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली पत्रा दिसेनासा सडतो. रायबंदर–चोडणसारख्या फेरीबोटीतून नेहमी ये-जा करणाऱ्यांनी तर हे काम वर्षभर, आठवड्याला एकदा करावे, कारण फेरीच्या उतारावरचे मचूळ पाणी चाकांबरोबर थेट पोटाला लागते. धुतल्यावर दारांच्या आणि उंबऱ्यांच्या तळाशी असलेली पाण्याची भोके माडाच्या हिराने मोकळी करावीत. लोखंडी तार वापरली तर आतला रंग खरवडला जातो. समोरच्या काचेखालच्या जाळीत आंब्याफणसाची पाने साचतात व पावसात तिथले पाणी आत पायांपाशी उतरते, म्हणून ती जागा हाताने साफ करून वरून तांब्याभर पाणी ओतावे आणि ते खाली कुठून बाहेर पडते ते पाहावे. आतला गालिचा उचलून त्याखालचा जाड थर दाबून पाहावा. तो ओला असेल तर काढून उन्हात घालावा, कारण पाऊस सुरू झाल्यावर तो सप्टेंबरपर्यंत वाळत नाही.

गंज आढळेल तिथे तारेच्या ब्रशने चकाकता पत्रा लागेपर्यंत घासावे, मग गंजरोधक द्रावण, प्रायमर, रंग आणि शेवटी पोटाला लावायचा काळा थर, या क्रमाने, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन काम करावे. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर तो काळा थर फासणे हा पैशांचा सर्वांत वाईट उपयोग आहे, कारण ओल आत कोंडली जाते आणि गंज वाढताना दिसतही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा भुसभुशीत वाटला, तर ते काम आपले नव्हे. डेंटरकडे जावे आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवायला विसरू नये.

गाडीखाली शिरण्याची तयारी वेगळी करावी लागते. आपल्या अंगणातली माती मऊ असते, म्हणून जॅकखाली जाड फळी घालावी, मागच्या चाकांना अडण लावावी आणि वजन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्यावरच खाली सरकावे. अंगणात पडलेला चिरा टेकणासाठी अजिबात घेऊ नये. जांभा भिंतीत वजन पेलतो, पण एका टोकावर भार आला की क्षणात चुरतो. चांगल्या घोड्यांच्या जोडीवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये, आणि हा खर्च वहीत एकदाच लिहिला जातो.

इंजिनाची बाजू त्या मानाने सोपी आहे. या छोट्या इंजिनाला ऑइल 3 लिटरच्या आसपास लागते आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये, कारण आपल्या विहिरी तिथून फार लांब नसतात. ते कॅनमध्ये भरून, जुने ऑइल पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोचवावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि आपल्या दमट हवेत ती कमी नसते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे व फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर गंजाची खपली दिसली, तर थेट मेकॅनिककडे जावे. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते की नाही ते पाहावे, वायपरची रबरे बदलावीत, आणि टायरची नक्षी 1.6 मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधी टायर बदलावेत.

कागदपत्रांचा खर्चही याच वहीत हवा. 1000 सीसीखालच्या मोटारीचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा 2022 मध्ये 2,094 रुपये अधिक कर असा ठरला होता, आणि या वयाच्या गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र सहा महिन्यांनी नवे करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढे दर 5 वर्षांनी नूतन करताना एप्रिल 2022 पासून 600 ऐवजी 5,000 रुपये लागू लागले, तर 20 वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. माझ्या गाडीची पुढची पाळी 2027 मध्ये आहे, म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम मी आत्तापासूनच बाजूला काढतो.

डेंटरकडे गाडी न्यायची असेल, तर ती वीस मेच्या आत न्यावी. वळवाच्या सरी सुरू झाल्या की रंग धड सुकत नाही, आणि मिरगापूर्वी त्याच्या दारात आपल्यासारख्यांची रांग लागलेली असते.