भूमिती आवडते? मग या चुका टाळा

दहावीच्या मुलांना मी अनेक वर्षे भूमिती शिकवत आहे आणि विषय मनापासून आवडणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतही दरवर्षी त्याच चुका पाहून मला वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोणताही त्रिकोण समभुज काढणे. एका सराव परीक्षेत त्रिकोण एबीसीच्या बाजू दिल्या होत्या : एबी ६, एसी ९ आणि बीसी १० सेमी. कोन ए चा दुभाजक बीसीला डी बिंदूत छेदतो, तर बीडी किती, असा प्रश्न होता. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने सवयीने देखणा समभुज त्रिकोण काढला. त्यात डी अगदी मधोमध आला आणि तिने उत्तर ५ सेमी लिहिले. कोनदुभाजकाचे प्रमेय विचारताच तिने ते न अडखळता म्हणून दाखवले. दुभाजक समोरची बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात, म्हणजे येथे २:३ मध्ये विभागतो, म्हणून बीडी ४ सेमी. प्रमेय पाठ असूनही तिने आकृतीवर विश्वास ठेवला. तेव्हापासून मी कच्ची आकृतीही मुद्दाम विषमभुज काढायला लावतो आणि दिलेली मापे पेनाने, तर काढलेली पेन्सिलीने लिहायला सांगतो.

गाईडमधील सिद्धता अक्षरांसह घोकणे ही दुसरी चूक. परीक्षा महिन्यावर आली की मुलांना हा जवळचा रस्ता वाटतो. पण एबीसीच्या जागी एलएमएन आले की पाठांतर तिसऱ्या ओळीतच अडते. पुस्तक मिटून, आकृती उलटी काढून, अक्षरे बदलून, केवळ पक्ष (दिलेली माहिती) आणि साध्य (सिद्ध करायचे विधान) यांवरून सिद्धता लिहावी. पहिल्या खेपेला अर्धा तास गेला तरी तो वेळ द्यावाच.

समरूप, म्हणजे आकार सारखा पण मापे वेगळी असू शकणाऱ्या, त्रिकोणांची नावे संगतीच्या, म्हणजे कोणता शिरोबिंदू कोणत्या शिरोबिंदूशी जुळतो त्या, क्रमानेच लिहावीत. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढताना संगत बाजूंचे वर्ग घेण्यास विसरू नये. दोन रेषा छेदल्यावर होणारे विरुद्ध कोन आणि चक्रीय चौकोनाचे (ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात) संमुख, म्हणजे समोरासमोरचे, कोन यांत गल्लत करू नये. रचनेतील कंस खोडून आकृती स्वच्छ करण्याचा हट्ट तर मला मुळीच पटत नाही, कारण रचना कशी केली हे त्या कंसांवरूनच कळते. पेपरच्या आदल्या रात्री कंपासने एक पूर्ण वर्तुळ काढून पाहावे. रेषेची दोन टोके जुळली नाहीत, तर स्क्रू घट्ट करावा.